अस्तर आणि मधला थर असलेले पडदे: माप घेण्यापासून टांगण्यापर्यंत

पडद्याला अस्तर लावलं की महिनाभरात तळ आत वळायला लागतो, कडा वर ओढल्या जातात आणि मधोमध पोट सुटतं. ही तक्रार घेऊन कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळी कापडं चारी बाजूंनी एकत्र शिवलीत का? बहुतेकदा उत्तर ‘हो’ असतं. उशीच्या अभ्र्यासारखं, सुलट बाजू आत ठेवून तीन बाजूंनी टीप मारली, उलटवलं आणि वरून टेप (चुण्या पाडायची, हुक अडकवायची पट्टी) लावली. माझा पहिला जोडही मी असाच शिवला होता. पहिल्याच धुण्यात अस्तर 4 सेंमी आटलं, मुख्य कापड जेमतेम 1 सेंमी, आणि पडद्याचा तळ भिंतीकडे गुंडाळला गेला. तो उसवून पुन्हा शिवायला नव्या पडद्याइतकाच वेळ लागला.

दोन वेगळी कापडं ओलाव्याने, उन्हाने आणि स्वतःच्या वजनाने कधीच सारखी आटत नाहीत, सारखी लोंबत नाहीत. म्हणून थर वरून आणि बाजूंनी धरायचे, मधे सैल टाक्यांनी नुसता आधार द्यायचा आणि अस्तराचा तळ मोकळा सोडायचा. पुढची सगळी पद्धत याच गोष्टीवर उभी आहे. खाली तीन थरांचा पडदा सांगितला आहे: मुख्य कापड, मधला ऊबदार थर आणि अस्तर. नुसतं अस्तर लावायचं असेल तर टप्पा 6 मधल्या फक्त रेघा (6.1) मारा, त्यातलं बाकीचं सोडून द्या, पुढचा क्रम तोच.

आधी हवेची वाट बघा

जाड पडदा लावूनही खोलीत फरक पडत नाही, याचं कारण बहुधा कापडात नसतं. पडदा काम करतो तो काच आणि कापड यांच्यामधली हवा अडवून धरतो म्हणून. थंडीत खोलीतली गरम हवा पडद्याच्या वरच्या फटीतून मागे जाते, काचेला लागून गार होते, जड होते आणि खालून पायांवर येते. उन्हाळ्यात हेच उलटं होतं: तापलेल्या काचेजवळची हवा वर चढून पडद्याच्या डोक्यावरून खोलीत शिरते. वर आणि बाजूंना फट राहिली तर तीन काय, पाच थर लावूनही उपयोग नाही.

म्हणून कापड बघायला जाण्याआधी या गोष्टी ठरवा. रॉड किंवा ट्रॅक चौकटीच्या दोन्ही बाजूंना 20 ते 25 सेंमी पुढे गेला पाहिजे. पडद्याची बाहेरची कड वळून भिंतीला टेकली पाहिजे, यासाठी पडद्याच्या मापात जास्तीची रुंदी धरावी लागते. वर पेलमेट (रॉड झाकणारी पेटीसारखी पट्टी) करता आलं तर उत्तम. नसेल तर ट्रॅक छताच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. आणि खाली पडदा जमिनीपासून 1 सेंमीवर संपावा, किंवा खिडकीच्या कट्ट्याला टेकावा. कट्ट्याखाली वीतभर येऊन लोंबणारा पडदा हवा अडवण्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट.

सावधान: खिडकीखाली हीटर किंवा रेडिएटर असेल तर पडदा कट्ट्यापर्यंतच ठेवा. लांब पडदा सगळी ऊब काचेकडे ढकलतो, आणि तापलेल्या वस्तूवर कापड टेकणं धोक्याचं आहे.

टप्पा 1: तीन कापडं निवडणं

मुख्य कापड मध्यम वजनाचं, घट्ट विणीचं घ्या. फार जाड कापड घेण्याचा मोह इथे टाळायचा, कारण ऊब मधल्या थरातून येणार आहे. जाड कापड, जाड थर आणि अस्तर एकत्र आले की चुण्या पडत नाहीत, गोळा होतो.

मधल्या थरासाठी दोन्ही बाजूंनी मऊ केसाळ केलेलं सुती फ्लॅनेल मला सर्वांत भरवशाचं वाटतं. ते पडतं सुंदर आणि टाका धरून ठेवतं. पॉलिएस्टरची वाडिंग (कापसाच्या थरासारखं भरण) हलकी आणि आटत नाही अशी असते, पण रजईची फुगीर वाडिंग घेऊ नका. पडदा गादीसारखा दिसतो आणि उघडल्यावर बाजूला भिंतीएवढी रास होते. चकचकीत परावर्तक पडदी काहीजण घालतात. ती हलताना कुरकुरते आणि दमट हवेत ओलावा अडकवते, त्यामुळे मी वापरत नाही.

अस्तर सुती सॅटिनचं, फिकट रंगाचं. फिकट रंग ऊन थोडंफार परत फेकतो आणि मुख्य कापडाचा रंग उडण्यापासून वाचवतो. पूर्ण अंधार हवा असेल तर ब्लॅकआउट अस्तर घ्या, पण त्याच्या दोन अटी पाळा. त्यावरच्या लेपाला सुईचं किंवा टाचणीचं भोक पडलं की ते बुजत नाही, दिवसा ताऱ्यासारखं चमकतं. म्हणून टाचण्यांऐवजी चिमटे लावा. आणि इस्त्री कोमट, तीही कापडाच्या बाजूनेच.

तपासा: तिन्ही कापडं एकावर एक ठेवून हातात चुणी धरा. चुणी स्वतःहून गोल राहते का? मोडून कोपरा पडत असेल तर मधला थर पातळ घ्या.

टप्पा 2: रॉड आधी, माप नंतर

रॉड भिंतीवर बसल्याशिवाय माप घेऊ नका. नेमक्या जागेवर प्लग बसत नाही, ब्रॅकेट 3 सेंमी वर सरकतो, आणि कापून ठेवलेला पडदा आखूड पडतो.

वजनाचा अंदाजही आत्ताच घ्या. मुख्य कापड दर चौरस मीटरला 250 ग्रॅम, मधला थर 250 आणि अस्तर 150 धरलं, तर एक चौरस मीटर पडदा 650 ग्रॅमचा होतो. खाली ज्या पडद्याचा हिशेब केला आहे त्याची एक बाजू सपाट पसरली तर जवळजवळ 5.9 चौरस मीटर भरते, म्हणजे तळाच्या दुमडी न धरताही 3.8 किलोच्या पुढे. दोन बाजूंचे साडेसात किलो रोज ओढले जाणार आहेत. पातळ पोकळ रॉड आणि दोन छोटे स्क्रू यावर हे टिकत नाही. मधे तिसरा ब्रॅकेट हवाच.

उंची स्टीलच्या टेपने, डाव्या टोकाला, मधे आणि उजव्या टोकाला अशी तीनदा मोजा. कापडी टेप ताणली जाते. तिन्ही आकडे वेगळे आले तर सगळ्यात लहान आकडा धरा. माप कुठून घेतलं ते लिहून ठेवा: रिंगच्या खालच्या कडीपासून की ट्रॅकच्या वरच्या कडेपासून. हुक पडद्याच्या चुणीच्या टेपमध्ये कुठल्या रांगेत अडकवणार त्यावर पडद्याचं डोकं 2 सेंमी वर असेल की 6, हे ठरतं. इथून पुढे मी ‘तयार उंची’ म्हणेन ती पडद्याच्या डोक्यापासून तळापर्यंतची.

टप्पा 3: कापडाचा हिशेब

इथे घाई केली की पुढे काहीच सावरता येत नाही, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेते.

खिडकी 150 सेंमी रुंद. रॉड दोन्हीकडे 25 सेंमी पुढे, म्हणजे 200. मधे दोन पडदे एकमेकांवर यायला 10 सेंमी. बाजूंनी भिंतीकडे वळायला प्रत्येकी 8, म्हणजे 16. झाकायची एकूण रुंदी 226 सेंमी.

चुण्यांसाठी कापड किती पट? बिनअस्तराच्या पडद्याला अडीच पट छान दिसतं. तीन थरांच्या पडद्याला दुप्पट ते सव्वादोन पट पुरतं, कारण जाडीमुळेच पडदा भरलेला दिसतो. दुप्पट धरलं तर 452. दोन पडद्यांच्या मिळून चार बाजू, प्रत्येकी 6 सेंमी दुमड, म्हणजे 24. प्रत्येक पडद्यात एक जोड, जोडाला 3 सेंमी माया (शिलाईत जाणारं कापड), म्हणजे 6. सगळे मिळून 482.

कापडाचा पन्हा (दुकानातल्या कापडाची रुंदी) 137 सेंमी आहे, काठ कापून 135 उरतात. 482 भागिले 135 म्हणजे 3.57. पन्हे नेहमी वरच्या आकड्याला न्यायचे: 4 पन्हे, प्रत्येक पडद्याला 2. दोन पन्हे जोडून 267, बाजूच्या दुमडी वजा जाता एका पडद्याची सपाट रुंदी 255. दोन्ही मिळून 510, म्हणजे 226 च्या सव्वादोन पट. छान बसलं.

आता लांबी. तयार उंची 230. तळाला दुहेरी दुमड 10 अधिक 10. वर टेपखाली वळवायला 8. कापायची लांबी 258. चार पन्ह्यांना 1032 सेंमी.

नक्षीचं कापड असेल तर हिशेब बदलतो. नक्षी दर 64 सेंमीने परत येत असेल, तर प्रत्येक तुकडा 64 च्या पटीत कापावा लागतो, नाहीतर जोडावर फुलाचे दोन अर्धे भाग जुळत नाहीत. 258 ला चार आवर्तनं (256) 2 सेंमीने कमी पडतात आणि पाच घेतली तर 320 होतात. चार तुकड्यांमध्ये मिळून जवळजवळ अडीच मीटर कापड वाया! अशा वेळी तळाची दुमड 9 अधिक 9 करा, लांबी 256 वर येते. हे गणित कापड घेण्याआधी करायचं असतं. तरीही एक पूर्ण आवर्तन जास्त घ्या, कारण पहिला काप नक्षीच्या योग्य जागी आणायला थोडं कापड जातंच.

अस्तर आणि मधला थर: मधल्या थराची तयार रुंदी 255 आणि लांबी 238 (तयार उंची अधिक 8, वरचं शेवटी कापून टाकायचं). अस्तराचीही रुंदी 255. त्याच्या बाजू 3-3 सेंमी दुमडल्या की ते पडद्याच्या कडेपासून बरोबर 3 सेंमी आत बसतं. अस्तराचा तळ पडद्याच्या तळापेक्षा 3 सेंमी वर ठेवायचा आणि त्याला 5 अधिक 5 ची दुमड, म्हणजे 227 अधिक 10, अधिक वर 8, एकूण 245.

तपासा: हे सगळे आकडे एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. शिवताना आठवणीवर विसंबणाऱ्यांचंच अस्तर तळाखाली डोकावतं.

टप्पा 4: आटवणं, सरळ करणं, कापणं

प्रत्येक कापडाचा 50 सेंमी चौकोन कापा, धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि दोन्ही दिशांनी मोजा. 48.5 आला तर ते 3 टक्के आटतं. पडदा पुढे पाण्यात घालायचा विचार असेल तर पूर्ण कापड कापण्याआधी त्याच पद्धतीने धुऊन घ्या, आणि खरेदीतच तेवढं जास्त धरा: 258 भागिले 0.97 म्हणजे 266. ड्रायक्लीनच करणार असाल तर वाफेची इस्त्री भरपूर फिरवली तरी पुरते. ब्लॅकआउट मात्र धुऊ नका.

आता कापडाचं टोक सरळ करा. दुकानात कात्रीने कापलेलं टोक सहसा तिरकं असतं. काठाजवळ छोटा छेद देऊन एक आडवा धागा हलकेच ओढा. तो सुटत जाईल तशी कापडावर एक बारीक रेघ उमटते, तिच्यावरून कापा. धागा मधे तुटला तर रेघ जिथे संपली तिथून पुढचा पकडा. कापड उरेब गेलं असेल तर दोघांनी विरुद्ध कोपरे धरून ते ओढून सरळ करावं.

छापील कापडात कधी कधी नक्षीच आडव्या धाग्याला तिरकी असते. फरक बोटभर असेल तर नक्षीच्या रेषेने कापा, डोळ्यांना नक्षी दिसते, धागा दिसत नाही. त्याहून जास्त असेल तर कापण्याआधीच ते कापड परत करा.

मखमल किंवा लव असलेलं कापड असेल तर प्रत्येक तुकड्यावर, उलट बाजूला, वरच्या टोकाशी खडूने बाण काढा. एक पन्हा उलटा लागला तर तो कायम वेगळ्या रंगाचा दिसतो. मी साध्या कापडावरही बाण काढते.

सैल विणीचं लिनन असेल तर कापलेले पन्हे रॉडला चिमट्यांनी लावून दोन दिवस लोंबू द्या आणि मग पुन्हा मोजा. ते जेवढं लांबायचं तेवढं आधीच लांबलेलं बरं.

टप्पा 5: पन्हे जोडणं

काठ कापून टाका. काठ बाकीच्या कापडापेक्षा घट्ट विणलेला असतो, तो शिलाईत राहिला तर जोड वर ओढला जातो आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना सुरकुत्या पडतात.

मशीनला 100/16 नंबरची सुई, टाका 3 ते 3.5 मिमी. टीप सगळीकडे एकाच दिशेने, तळापासून वर मारा. खालचं कापड मशीनचे दात पुढे ढकलतात, वरचं मागे राहतं. दर 10 सेंमीला टाचणी नसेल तर अडीच मीटरच्या जोडात नक्षी सहज 1 सेंमी सरकते. नक्षी जुळवायला एका पन्ह्याची माया इस्त्रीने दुमडा, दुसऱ्यावर ठेवून फूल फुलाला लावा, सुलट बाजूनेच कच्चा टाका घाला आणि मग उलटवून टीप मारा. जोडाची माया उघडून इस्त्री करा.

अर्धा पन्हा जोडायचा असेल तर तो बाहेरच्या, भिंतीकडच्या बाजूला. मधे, जिथे दोन पडदे भेटतात तिथे, अखंड पन्हा हवा.

मधल्या थराचा जोड वेगळा करायचा: दोन कडा 1.5 सेंमी एकमेकांवर ठेवून वरून झिगझॅग. त्याची माया उघडत बसलात तर पडद्यावर उभा वळ दिसतो. अस्तराचा जोड साधा. त्याच्या तळाची 5 अधिक 5 ची दुमड आत्ताच मशीनवर मारून ठेवा.

टप्पा 6: मधला थर लावणं

पडद्याचं सगळं पडणं या टप्प्यावर ठरतं. दोन मीटरचं टेबल असेल तर छान, नसेल तर जमीन झाडून-पुसून त्यावर स्वच्छ चादर अंथरा. पलंगावर हे काम करू नका, गादी दबते आणि कापड खड्ड्यात जातं.

6.1 मुख्य कापड उलट बाजू वर करून पसरा. मधून बाहेर तळहात फिरवा. ओढायचं नाही, तळहात सपाट ठेवून हवा बाहेर काढायची. खडूने दोन्ही बाजूंना कडेपासून 6 सेंमीवर आणि तळापासून 20 सेंमीवर रेघ मारा. तळाची ही रेघ म्हणजे तयार पडद्याचा तळ.

6.2 मधला थर त्यावर असा ठेवा की त्याच्या कडा बरोबर या रेघांवर येतील. दुमडींच्या आत तो घुसवायचा नाही, नाहीतर तळ दोरखंडासारखा जाड होतो.

6.3 पहिल्या उभ्या रेषेवर (जोडाची रेषा असेल तर तिच्यावरच) मधला थर अर्धा उलटा दुमडा. एकेरी दोरा, मुख्य कापडाच्या रंगाचा. मधल्या थराच्या घडीतून सुई घाला, मुख्य कापडाचा एक किंवा फार तर दोन धागे उचला, दोरा सैल सोडा आणि 8 ते 10 सेंमी पुढे जाऊन तेच करा. दोन टाक्यांमधला दोरा कापडावर पडून राहिला पाहिजे, ताणलेला दिसता कामा नये. प्रत्येक टाक्यानंतर डाव्या हाताचं बोट दोऱ्याखाली सरकवते मी. बोट मोकळं जात असेल तर टाका बरोबर.

6.4 थर परत सपाट करा, तळहात फिरवा, 30 ते 40 सेंमीवर पुढची उभी रेषा घ्या. 255 सेंमी रुंदीला सहा ते सात रेषा होतात. तळाच्या रेघेपासून 15 सेंमी वर सुरू करा आणि वरून 20 सेंमी अलीकडे थांबा.

आडव्या रेषा घालू नका. आडवा टाका पडद्याला पडण्यापासून अडवतो.

तपासा: पडदा वरून धरून उभा करा आणि सुलट बाजूने तिरक्या उजेडात बघा. कुठे खळगा दिसला तर तो टाका घट्ट आहे. तेवढाच कापून पुन्हा घाला. अस्तर लागल्यावर तिथे हात पोचत नाही.

टप्पा 7: बाजू, तळ आणि कोपरा

बाजूची 6 सेंमी दुमड मधल्या थरावर वळवा आणि हातशिलाईने, टाके एकमेकांना तिरके छेदत जातील अशा हेरिंगबोन टाक्याने, फक्त मधल्या थराला शिवा. सुई मुख्य कापडाच्या सुलट बाजूला जाता कामा नये. तळाजवळचे 25 सेंमी उघडे सोडा.

तळ: कच्ची कड 10 सेंमी वर दुमडून इस्त्री, मग तळाच्या रेघेवर दुसरी दुमड, पुन्हा इस्त्री.

कोपरा कापून टाकू नका. पडदा आखूड वाटला किंवा पुढे उसवून लांब करावा लागला तर कापड शिल्लक हवं. कोपरा असा मोडायचा: बाजूची दुमड आणि तळाची दुसरी दुमड उघडा, पहिली तशीच राहू द्या. एक टाचणी बाजूच्या कच्च्या कडेवर, तळाच्या रेघेपासून 10 सेंमी वर. दुसरी टाचणी तळाच्या दुमडलेल्या कडेवर, बाजूच्या रेघेपासून 6 सेंमी आत. दोन टाचण्यांना जोडणारी तिरकी घडी घाला. ती बाजूची रेघ आणि तळाची रेघ जिथे मिळतात त्या बिंदूतून बरोबर जाते. नाही गेली तर एखादी रेघ चुकली आहे. आता बाजू आत वळवा, मग तळ वर वळवा. दोन्ही तिरक्या कडा एकमेकींना येऊन भेटतात. त्या सध्या तशाच सोडा.

घडीच्या आत, कोपऱ्यात आणि प्रत्येक जोडाखाली एकेक वजन ठेवा. वजन नुसतं टाकलं तर ते कापडावर घासून भोक पाडतं. अस्तराच्या तुकड्याची छोटी पिशवी करून तिच्यात घाला आणि पिशवी दुमडीला टाचा. शिशापेक्षा स्टीलची चपटी वजनं घ्या. मग कोपऱ्याच्या कडा लपत्या टाक्याने जोडा आणि तळाची वरची कड मधल्या थराला शिवून टाका.

टप्पा 8: अस्तर

अस्तराच्या बाजू 3 सेंमी आत दुमडून इस्त्री करा. पडद्यावर सुलट बाजू वर करून ठेवा, तळाची कड पडद्याच्या तळापासून 3 सेंमी वर, जोडावर जोड. बाजू पडद्याच्या कडेपासून 3 सेंमी आत येतात का ते बघा.

टप्पा 6 सारखेच सैल उभे टाके, पण या वेळी अस्तर मधल्या थराला. रेषा थोड्या दूर घेतल्या तरी चालतं. ब्लॅकआउट असेल तर टाके फक्त जोडाच्या मायेत घाला, लेपाला भोक नको.

बाजू लपत्या टाक्याने शिवा, तळाशी कोपरा वळून 4 सेंमीपर्यंत या आणि थांबा. बाकीचा तळ उघडा. लोक इथे राहवत नाही म्हणून तळही शिवून टाकतात, आणि मग पोट सुटतं. अस्तर उडेल अशी भीती वाटत असेल तर प्रत्येक जोडापाशी अस्तराचा तळ आणि पडद्याचा तळ यांच्यामधे दोऱ्याची 3 सेंमीची साखळी घाला.

टप्पा 9: डोकं सर्वात शेवटी

आता पडदा सपाट पसरून तळापासून वर 230 मोजा. दर 30 सेंमीला एक खूण, सगळ्या खुणा मोठ्या पट्टीने जोडा. वरून खाली मोजलेला पडदा तळाशी लाटेसारखा होतो, आणि तळ आता पक्का झालेला असल्यामुळे दुरुस्तीही होत नाही. म्हणून तळ आधी, डोकं नंतर.

मधला थर या रेघेवर कापा. अस्तर रेघेच्या 1 सेंमी वर कापा. मुख्य कापडाची 8 सेंमी पट्टी मागे वळवून इस्त्री करा, बाजूचे कोपरे किंचित तिरके दुमडा म्हणजे कड बाहेर डोकावणार नाही. चुणीची टेप कच्च्या कडेवर बसवा, घडीपासून अर्धा सेंमी खाली. टेपच्या दोऱ्या मधल्या बाजूला (जिथे पडदे भेटतात) गाठ मारून दुमडीत टाका, बाहेरच्या बाजूला मोकळ्या ठेवा.

टेपच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही टिपा एकाच दिशेने मारा. एक इकडून, एक तिकडून मारली की टेप पिळवटते आणि चुण्या तिरक्या पडतात. टाका 4 मिमी, वेग कमी. मशीन अडलं तर ढकलू नका, चाक हाताने फिरवा. बाकी पडदा टेबलावर किंवा खुर्चीवर टेकलेला असू द्या, कारण लोंबणारं वजनच सुई वाकवतं.

सावधान: आयलेट रिंगा (कापडाला भोक पाडून बसवायच्या, रॉड ओवायच्या रिंगा) या पडद्याला लावू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. तीन थरांच्या जाडीत रिंग नीट बसत नाही, आणि रिंगांच्या पडद्याला वर लाटालाटांची फट राहते. मग मधल्या थरासाठी घेतलेली सगळी मेहनत त्या फटीतून निघून जाते.

टप्पा 10: टांगणं आणि घडी बसवणं

दोऱ्या ओढून एक पडदा 113 सेंमीवर आणा (226 चा निम्मा) आणि चुण्या बोटांनी सारख्या करा. उरलेल्या दोऱ्या कापू नका, गुंडाळून टेपच्या मागे ठेवा. सफाईच्या वेळी पडदा पुन्हा सपाट करावा लागतो. लोंबत्या राहिल्या तर लहान मुलांच्या गळ्यात अडकू शकतात, त्यामुळे गुंडाळी नीट बांधा.

हुक दर 7 ते 8 सेंमीला. शेवटचा हुक भिंतीवरच्या छोट्या कडीत अडकवा, म्हणजे बाजू भिंतीला टेकून राहते.

पडदा उघडून बाजूला घ्या, प्रत्येक चुणी वरून खालपर्यंत हाताने जुळवत न्या, आणि कापडाच्या सैल पट्ट्यांनी तीन ठिकाणी बांधा: डोक्याच्या वीतभर खाली, मधे आणि तळाच्या वर. घट्ट आवळलं तर वळ उमटतो. चार-पाच दिवस तसाच ठेवा. मधला थर एकदा या घडीत बसला की पडदा पुढे आपोआप तिथेच मिटतो.

सोडल्यावर तळ जमिनीला समांतर नसेल तर लगेच उसवायला जाऊ नका. आधी हुक एक रांग वर किंवा खाली करून बघा, ब्रॅकेट एका पातळीत आहेत का बघा. आठवडाभर लोंबल्यावरही एक बाजू खाली असेल तर वरची टेप उसवून तेवढंच डोकं पुन्हा मोजा.

तीन थरांचा पडदा मशीनमध्ये धुऊ नका, पाण्याने जड होऊन तो टाके फाडतो. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने वरून खाली व्हॅक्यूम, गरज पडेल तेव्हा ड्रायक्लीन. थंडीत काचेवर पाणी साचत असेल तर सकाळी पडदे पूर्ण उघडा आणि काच पुसा. अस्तराच्या तळाशी बारीक काळे ठिपके दिसले की बुरशी धरली समजा, आणि ती बहुतेकदा काचेला टेकलेल्या कोपऱ्यापासून सुरू होते.